आईनं दागिने विकले हे सगळे सांगतात, परत कुणी केले ते सांगा



गेल्या आठ-दहा दिवसांत ग्रुपवर 'दागिने विकून शिकलो' अशा धर्तीच्या चार-पाच आठवणी आल्या. कुणाच्या आईनं बोरमाळ मोडली आणि लेक इंजिनिअर झाला, कुणाच्या बायकोचे बिल्वर गेले आणि विहिरीला पाणी लागलं. खाली हात जोडलेल्यांची ही रांग. मीही दोन ठिकाणी जोडले. रात्री मात्र झोप लागेना, म्हणून हे लिहायला बसलोय. काहींना राग येईल, येऊ दे.

बेळगावला बी.कॉम. करताना पहिल्या वर्षी एक नियम घोकून घेतला होता. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. पुढं सगळी नोकरी त्यावरच झाली. आता सांगा, आईनं आठ तोळे दिले, घरानं घेतले. घराच्या नावे कुठं पडले? आईच्या खात्याला कुठं जमा झाले? कुठंच नाही. आपण तिथं 'त्याग' असं लिहितो आणि खातं बंद करतो. बँकेत याला राइट-ऑफ म्हणतात. पण बँक राइट-ऑफ करते तेव्हा बुडतं ते बँकेचंच. इथं कर्जदारच स्वतःचं कर्ज माफ करून घेतो आणि वर इमोजी टाकतो.

लगेच कुणीतरी म्हणणार, "साहेब, सोनं असतंय कशाला? अडीअडचणीलाच की." कबूल. पण अडचण आली की पहिला हात तिच्याच गळ्याकडं का जातो, हे विचारायला नको? आपल्या भागात रान विकायचं म्हटलं तर भाऊबंद गोळा होतात, गाव नावं ठेवतं, उताऱ्यावर चार जणांच्या सह्या लागतात. सोन्याला सही लागत नाही. ती स्वयंपाकघरात पाटल्या काढते, रुमालात बांधते, झालं. रान पोटाला घालतं, ते शेवटी विकावं हे मलाही पटतं. पण रान आणि सोनं यांच्यामध्ये घरात बऱ्याच वस्तू असतात. त्या कुणाच्या नावावर असतात तेही बघा.

ऐंशीच्या दशकात माझी बदली निपाणी भागातल्या एका शाखेत होती. 1981 चं तंबाखू आंदोलन, हायवेवर बसलेले शेतकरी, एप्रिलमधला तो गोळीबार आणि गेलेली बारा माणसं, यावर इथं पुष्कळांनी लिहिलंय. त्यामागची एक गोष्ट मला काउंटरवरून दिसायची. तंबाखू व्यापाऱ्याच्या वखारीत गेलेला असायचा, पैसे 'देतो की' वर अडकलेले, आणि तोवर घर चालायचं ते दागिने तारण कर्जावर. जूनमध्ये बियाणं, खत, पोरांच्या वह्या. आमच्याकडं म्हणायचे, सोनं उन्हाळ्यात अंगावर आणि पावसाळ्यात बँकेत. इकडं संकेश्वरात मिरचीचं नाहीतर हिरण्यकेशी कारखान्याचं ऊसबिल आलं की सोडवायला गर्दी.

सराफ यायचा, कसोटीच्या दगडावर घासायचा, वजन करायचा. बोरमाळेच्या मण्यांत लाख असते, ती वजा करायची, खडे वजा करायचे, निव्वळ वजन लिहायचं. मग कापडी पिशवी, तिला सील, आणि दोन किल्ल्यांच्या तिजोरीत. सोनं बाईचं, पण कर्जाच्या फॉर्मवर नाव बहुतेक वेळा नवऱ्याचं. ती बाकावर बसलेली असायची. कर्ज फिटलं की पिशवी खातेदाराच्या हातात द्यायची, म्हणजे नवऱ्याच्या. तसा नियमच. काही बायका पुढं यायच्या, पिशवी घ्यायच्या आणि तिथंच बसून मणी मोजायच्या. मागच्यांची घाई असायची, शिपाई खेकसायचा. आणि काही नवरे पिशवी खिशात घालून सरळ सराफाच्या पेढीकडं वळायचे. मी खिडकीतून बघितलंय. मी कधी एकालाही विचारलं नाही की, अहो, वैनींना माहीत आहे ना? तेवढं विचारायला सर्क्युलर लागत नव्हतं.

आता माझ्या घरचं सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांनाच उपदेश.

1984. वडिलांना मिरजेला दवाखान्यात ठेवलेलं, ऑपरेशन दोन दिवसांत करायचं ठरलं. माझा पगार ठरलेला, शिल्लक बहिणीच्या लग्नात संपलेली. आमच्या हिनं काही न बोलता पाटल्या आणि बिल्वर काढून दिले. पाच तोळे, तिच्या माहेरचे. मी बँकेतला माणूस. गहाण ठेवले असते तर बहुतेक गरज भागली असती आणि वर्ष-दीड वर्षात सोडवूनही आणले असते. पण माझ्याच शाखेत, माझ्याच सराफापुढं, माझ्याच शिपायादेखत साहेबाच्या बायकोच्या पाटल्या तराजूत? लाज वाटली. म्हणून दुसऱ्या गावाला जाऊन सरळ विकले. तेव्हा तोळा दोन हजाराच्या आसपास. घट गेली, मजुरी तर मोडीत धरतच नाहीत, हातात नऊ हजारांच्या आत आले. नोटा मोजल्या आणि रात्रीच्या एस.टी.नं मिरज गाठलं.

वडील त्यानंतर सहा वर्षं जगले. त्याबद्दल तक्रार नाही, तिचीही नाही.

पण एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी माझी राजदूत दारात उभी होती. ती विकायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. ऑफिसला कशानं जाणार? एस.टी.नं गेलो असतो, लोक जातातच की. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या भाचीच्या लग्नाला ती मुलाम्याच्या बांगड्या घालून गेली आणि मी राजदूतवरून.

पुढं बढत्या झाल्या. घर बांधलं, मुलाला पुण्यात फ्लॅटला मदत केली, रिटायर झाल्यावर ग्रॅच्युइटीतून चारचाकी घेतली. प्रत्येक वेळी खर्चाची यादी मी स्वतः केली. त्यात पाच तोळे कधीच नव्हते. तिनं मागितले नाहीत, आणि मीही तेच कारण धरून बसलो. कर्जदारानं बँकेत येऊन "तुम्ही मागितलंच नाही" म्हटलं असतं तर मी काय केलं असतं?

कायदा काय म्हणतो तेही ऐका. स्त्रीधन हे बाईचं स्वतःचं, ते नवरा-बायकोच्या सामायिक मालकीचं होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 1985 सालीच सांगितलंय. एप्रिल 2024 मध्ये केरळातल्या एका प्रकरणात पुन्हा सांगितलं. अडचणीत नवरा ते वापरू शकतो, पण ते किंवा त्याची किंमत परत करणं ही त्याची नैतिक जबाबदारी आहे. त्या बाईंना 25 लाख रुपये द्यायला लावले. म्हणजे ज्याला आपण त्याग म्हणतो त्याला कोर्ट उसनवारी म्हणतंय.

आणि लाजेचं म्हणाल तर 1991 मध्ये या देशानं सुमारे 47 टन सोनं विमानानं पाठवून इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडं गहाण ठेवलं. पेपरात केवढा गहजब झाला होता! पण गहाण ठेवलं म्हणून तर पुढं सोडवता आलं. आमच्या कर्नाटकात 1976 साली देवराज अर्स यांच्या सरकारनं ऋणमुक्तीचा कायदा आणला तेव्हा कितीतरी गोरगरिबांचे सावकाराकडं अडकलेले जिन्नस परत मिळायची वाट खुली झाली. गहाणाला निदान अशी वाट तरी असते. विकून मोकळं झालेल्यांना तो कायदा काय देणार होता?

म्हणून तरुण पोरांना सांगतो, 'ताबडतोब रोख' अशा पाट्या बघून आत शिरू नका. तोळा लाखाच्या वर गेल्यापासून मोडायचा मोह फार वाढलाय. बँकेत जा. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनी 1 एप्रिल 2026 पासून अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या 85 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. फेड झाल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत सोनं परत द्यायचं, उशिराचा दोष त्यांचा असेल तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. आणि सोनं जिचं, कर्ज तिच्या नावावर काढा. पिशवी तिच्याच हातात येईल.

कुणीतरी कर्मवीरांच्या लक्ष्मीबाईंचं उदाहरण देईल, म्हणून आधीच लिहितो. साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या पोरांना जेवू घालण्यासाठी त्या माऊलीनं अंगावरचं सोनं दिलं, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. त्यापुढं मी डोकं टेकतो. पण रयतच्या इतिहासात त्यांचं नाव आणि ते दागिने दोन्ही नोंदलेले आहेत. आपण आपल्या घरच्या इतिहासात 'वडिलांनी शिकवलं' असं लिहितो आणि आईचे दागिने एका ओळीत उरकतो. वजनसुद्धा माहीत नसतं. विचारा घरी, किती तोळे होते, कुठला दागिना होता, कुणी घातला होता.

या दिवाळीत नातीनं हिला विचारलं, "आजी, तुला पाटल्या नाहीत?" ही म्हणाली, "होत्या की. मिरजेला गेल्या." पोरीला वाटलं कुठं प्रवासात हरवल्या. मी पेपर तोंडापुढं धरून बसलो होतो.

आजच्या भावानं पाच तोळे एकदम घेणं माझ्या पेन्शनला झेपणारं नाही. एक एफ.डी. मोडली आणि गेल्या महिन्यात दोन तोळ्यांच्या पाटल्या आणल्या, हॉलमार्कवाल्या. तीन तोळे बाकी, तसं वहीत लिहून ठेवलंय आणि वही तिच्याकडं दिलीय. डबी हातात दिली तर तिनं ती उघडलीच नाही. आधी चष्मा लावला, पावती उलगडली आणि नाव कुणाचं घातलंय ते बघितलं.