चकाकीचा हिशेब

दिवाळी आली की घरोघरी पितळेची भांडी चिंच लावून घासली जातात. घासलेल्या तांब्याच्या पोटावर एक पांढरा ठिपका चमकू लागतो, आणि आपण मान हलवली की तो लबाड आपल्याबरोबर सरकतो. हा ठिपका पाहिला नाही असे घर नाही. पण त्याचा हिशेब मांडून कोणी डॉक्टर होईल, असे वाचकहो, तुम्हांला कधी वाटले होते का?

माझा भाचा संगणकावर चित्रे काढण्याच्या शास्त्रात एम. टेक. करतो आहे. दिवसभर गोळे आणि किटल्या पडद्यावर फिरवीत बसतो. "हाच का तुझा अभ्यास?" असे विचारले, तेव्हा म्हणाला, "मामा, आधी फाँगची गोष्ट ऐका, मग बोला."

ती गोष्ट अशी. बुई तुओंग फाँग हा १९४२ साली हनोईत जन्मलेला मुलगा. फ्रान्समध्ये शिकून १९७१ साली तो अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात आला. तेथे तेव्हा या विषयाचे वेड लागलेली मंडळी जमली होती. १९७२ मध्ये एका वर्गाने तर आपल्या गुरूच्या, आयव्हन सदरलंडच्या, घरची मोटारच पट्ट्या घेऊन मोजली आणि संगणकात उतरवली! त्याच साली एडविन कॅटमल या विद्यार्थ्याने आपल्या डाव्या हाताचा प्लॅस्टरचा साचा घेऊन तो हात पडद्यावर हलवून दाखवला.

अडचण होती चकाकीची. संगणकाला गोल वस्तू म्हणजे लहान लहान सपाट तुकड्यांची गोधडी. आन्री गुरो याने १९७१ मध्ये तुकड्यांच्या कोपऱ्यांवरचा उजेड काढून मधल्या भागात मिसळण्याची युक्ती काढली. शिवणी बुजल्या, पण चकाकी फिसकटली. फाँगने उजेड न मिसळता पृष्ठभागाचा रोख मिसळला आणि प्रत्येक ठिकाणचा उजेड नव्याने मोजला. त्याचे तीन वाटे केले : सगळीकडे पसरलेला मंद उजेड, दिव्याकडे तोंड असेल त्या मानाने मिळणारा उजेड, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असलेली चकाकी. या तिसऱ्या वाट्यातला एक आकडा वाढवला की मळकट भांडे घासल्यासारखे लखलखते.

१९७३ साली त्याला पीएच. डी. मिळाली. १९७५ साली रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. पस्तिशीही गाठली नव्हती.

आमच्या ग्रंथालयात प्रबंधांचे एक कपाट आहे. त्याची किल्ली कोठे असते हे शिपायालाच ठाऊक. फाँगचा हिशेब मात्र जगभरची मुले अजून गिरवतात. व्हिएतनामी रीतीने आडनाव आधी येते. म्हणजे याचे आडनाव बुई. पण पुस्तकांतून 'फाँग' हेच रूढ झाले. ज्यांनी त्याला कधी पाहिले नाही, ती मुलेही त्याला घरच्यासारखी नावाने ओळखतात.

परवा भाच्याला त्याच्या प्रबंधाचा विषय विचारला. "ओल्या पानावरचा उजेड," तो म्हणाला.

म्हटले, बाबा रे, पुष्कळ आहे. जन्मभर पुरेल.