फरशी पुसणार कोण?

आधीच सांगून टाकतो, मी कॉन्व्हेंटवाला. 'फरशी' आणि 'लादी' यात नेमका फरक काय, हे मला आजही विचारू नका. पण तिच्यावर इंजिन ऑईल सांडलं की काय होतं, हे मात्र मी चांगलंच शिकलोय.

आमच्या घराला लागून गाडी लावायची शेड आहे. सुट्टीत घरी गेलो की मी तिथे बाबांची जुनी स्प्लेंडर खोलून बसतो. खाली साधा कोबा होता. सिमेंटला बारीक छिद्रं असतात, त्यामुळे ऑईल आत मुरायचं आणि काळे डाग कायमचे! म्हणून मी हट्ट धरला, चकचकीत व्हिट्रिफाईड टाईल्स बसवू. माझं लॉजिक एकदम फर्स्ट क्लास. ही टाईल अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, मग ऑईल काय शोषणार? एक फडका मारला की काम खल्लास.

लॉजिक बरोबर होतं. ऑईल मुरलं नाहीच. ते वरच राहिलं आणि तुळशीला पाणी घालायला निघालेली आई त्यावरून घसरली. मनगट फ्रॅक्चर. सहा आठवडे प्लास्टर.

त्या काळात शेड मी पुसली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की इतके दिवस गाडी मी खोलत होतो आणि फडका आई मारत होती! 'साफ करायला सोपी' हे मी ठरवलं होतं, पण साफ करणारा मी नव्हतोच.

मग नव्याने शोध सुरू केला. शहाबादी फरशी? खरखरीत आहे, पण तो चुनखडीचा दगड. बॅटरीचं ॲसिड सांडलं की खड्डे पडतात, आणि सांध्यांत ऑईल साचतं ते वेगळंच. रबरी मॅट? नैसर्गिक रबर ऑईलने फुगतं. नायट्राईल रबर टिकतं, पण मॅटच्या खाली गेलेलं ऑईल कुणालाच दिसत नाही. शेवटी टाईल्स उखडल्या, नवा कोबा केला, 28 दिवस वाळू दिला आणि वर इपॉक्सी लावलं, त्यात बारीक सिलिका वाळू मिसळून. इपॉक्सी ऑईल आत जाऊ देत नाही, वाळूमुळे पायाला पकड मिळते. रंग फिका राखाडी, म्हणजे सांडलेलं ऑईलही दिसतं आणि उडालेली सर्क्लिपही सापडते.

कुणाला करायचं असेल तर एक टिप. आधी कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकखाली ओल दिसली तर थांबा, नाहीतर इपॉक्सीचे पापुद्रे सुटतील.

तोटा? आहे ना! वाळूत फडका अडकतो. लाकडाचा भुसा टाकून ऑईल टिपायचं, मग साबणाचं पाणी आणि ब्रश. दहा मिनिटं जास्त जातात. आणि वाळू आहे म्हणून सांडलेलं तसंच सोडलं, तर त्यावरूनही माणूस घसरतोच.

म्हणून माझं स्पष्ट मत, जमिनीवर डाग पडला तर पडू दे, माणूस पडता कामा नये. आणि ती जास्तीची दहा मिनिटं ज्याच्या हातात पाना, त्याचीच.

आता हे सगळं मॅगझिनमध्ये कशाला? कारण आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये दर रविवारी चेनला ऑईल पाजणारे बरेच जण आहेत. मीही त्यातलाच. सोमवारी सकाळी तिथली फरशी कोण पुसतं, ठाऊक आहे? मावशी. पायात साध्या स्लिपर घालून.

भुशाची एक पिशवी मी पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवलीय. बिनधास्त वापरा.