मानोऱ्यात ‘नॉर्दर्न लाइट्स’ नाहीत, पण आकाशगंगा आहे!

मे २०२४ मधील तीव्र सौरवादळात लडाखच्या हानले येथून आकाशातील लाल प्रकाश कॅमेऱ्यांनी टिपला. वाशीम जिल्ह्यातील मानोरा मात्र २० अंश अक्षांशाजवळ. इथे तो दिसण्याची आशा जवळपास नाहीच. म्हणून हळहळायचे कारण नाही. नॉर्वेच्या ट्रॉम्सोमध्ये कधीच न उगवणारे आकाशगंगेचे केंद्र मानोऱ्याच्या शिवारातून उन्हाळ्यात चांगले वर येते. अमावस्येची रात्र, ट्रायपॉड आणि मोबाइलवर १५-२० सेकंदांचे एक्स्पोजर, एवढे पुरेसे. अडचण कॅमेऱ्याची नाही, वाढत्या उजेडाची आहे. पेंच २०२४ मध्ये देशातील पहिले डार्क स्काय पार्क ठरले. नगरपंचायत, ग्रामपंचायतींनीही पथदिव्यांचा प्रकाश फक्त रस्त्यावर पडेल, हे पाहायला हवे. अंधारही गावाची संपत्ती आहे.