ढगफुटी म्हटलं की विषय संपतो का?

पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "काय करता बाप्पा, ढगफुटी झाली." कास्तकार म्हणतो, पुढारी म्हणतो, अधिकारीही म्हणतो. कास्तकार ते हताश होऊन म्हणतो, ते समजतं. बाकीचे म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ वेगळा असतो. दोष आभाळाचा, आमचा काही संबंध नाही, असा.

म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

आधी ढगफुटी म्हणजे काय ते पाहू. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात एका तासात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडला, तर ती ढगफुटी. १०० मिमी म्हणजे एका एकरात चार लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. एका तासात, एका एकरावर. आपल्याकडे वर्षभराचा पाऊस हजार मिमीच्या आसपास. म्हणजे वर्षाचा दहावा हिस्सा तासाभरात.

आता हा पट्टा केवढा? फार तर चार-सहा गावांचा शिवार. आणि वर्धा जिल्ह्याचं क्षेत्रफळ सहा हजार तीनशे चौरस किलोमीटर. आपल्याला इशारा येतो तो "वर्धा जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार" असा. आठ तालुक्यांतलं ते तुरळक ठिकाण कोणतं? कारंजा-आष्टीच्या डोंगराकडचं की समुद्रपूरच्या सपाटीवरचं? हे पाणी घरात शिरल्यावरच कळतं.

पाऊस असा तुकड्यातुकड्यात पडतो, हे काही नवीन नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि त्याच शहरातल्या कुलाब्यात ७५ च्याही आत. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात पहाटेच्या चार तासांत शंभरावर मिमी झाला, अंबाझरी ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. ही शहरं होती म्हणून टीव्हीवर दिसली. तेच आपल्या एखाद्या खेड्यात झालं तर आकड्यातसुद्धा दिसत नाही, आणि माझं खरं दुखणं इथेच आहे.

जुलै २०२२ आठवा. वणेचं पाणी हिंगणघाटच्या वस्त्यांत शिरलं, मुख्यमंत्री पाहणीला आले, पंचनामे झाले. तो मोठा पूर होता, मोठ्या नदीचा होता, सगळ्यांना दिसला. पण नाल्याचा पूर तसा नसतो. तो संध्याकाळी पाचला येतो, सातला ओसरतो. दुसऱ्या दिवशी कोणी आलं तर नाला कोरडा, ऊन पडलेलं. फक्त धुरा वाहून गेलेला, सोयाबीन आडवं आणि वरची काळी माती गायब. खाली उघडा मुरूम.

अशा वेळी मदत मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "मंडळात किती मिमी झाला?" अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस नोंदला तर. मंडळात गावं अनेक आणि यंत्र एक. यंत्राच्या गावात ३० मिमी पडला आणि तुमच्या शिवारात दोन तासांत ११० पडला, तर कागदावर तुमच्याकडे अतिवृष्टी झालीच नाही. उलटही होतं, यंत्राच्या गावात पडला की पूर्ण मंडळ अतिवृष्टीग्रस्त. यात यंत्र खोटं बोलत नाही. ते स्वतःच्या डोक्यावर पडलं तेवढंच सांगतं. चूक आहे ती त्या एका आकड्यावरून सगळ्या गावांचा निकाल लावण्यात.

बरं, पीक विमा होता. त्यात ‘स्थानिक नैसर्गिक आपत्ती’ हा निकष होता. वावरात पाणी साचलं, ढगफुटी झाली, तर ७२ तासांत कळवायचं, मग त्या एकट्या शेताची पाहणी व्हायची. त्यात अडचणी ढीगभर होत्या. फोन लागायचा नाही, ॲप चालायचं नाही, पाहणीला माणूस उशिरा यायचा. तरी मंडळाची सरासरी बाजूला ठेवून एका कास्तकाराचं नुकसान मोजणारी तीच एक सोय होती. २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयातला विमा बंद केला आणि सोबत हा निकषही काढला. भरपाई पीक कापणी प्रयोगावर आणली. म्हणजे पुन्हा मंडळाची सरासरी! एक रुपयाच्या योजनेत बोगस अर्ज झाले, हे खरं. पण बोगस अर्ज भरणाऱ्याला पकडायचं सोडून ज्याचं वावर वाहून गेलं त्याचं दार का बंद केलं?

ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामं जाहीर झाली. निर्णय चांगला आहे. पण तो मोठी आपत्ती आली, राज्यभर ओरड झाली, तेव्हा आला. चार गावांची ओरड मुंबईपर्यंत जात नाही.

आता आभाळाचा दोष किती? आहेच. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्य भारताच्या पन्नास वर्षांच्या नोंदी तपासून दाखवलं की पावसाची बेरीज फारशी बदललेली नाही, पण मध्यम पावसाचे प्रसंग कमी झाले आणि अतिजोरदार वाढले. आपले म्हातारे "झड लागत नाही आता" म्हणतात ते हेच. हवा एक अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, ते कुठेतरी एकदम खाली येणारच.

पण पडलेलं पाणी पूर बनतं ते जमिनीवर. नाल्याचं पात्र नांगरून कोणी वावरात घेतलं? रस्ता उंच झाला, पण खाली तेच दोन सिमेंटचे पाइप कोणी ठेवले? काळी माती एकदा भिजून फुगली की पाणी आत घेत नाही, वरून पळतं. त्याला वाट ठेवली नाही तर ते स्वतः वाट काढतं. नाला खोल केला आणि काढलेली माती काठावरच टाकली, तर पहिल्या जोरदार पावसात ती पुन्हा नाल्यात. जलयुक्त शिवारच्या नावाखाली हे किती गावांत झालं, ते ज्याने त्याने आपापल्या गावात पाहावं.

आणि रपटे! पाणी वाहत असलेल्या रपट्यावरून मोटारसायकल घालणं हे धाडस नाही. पण त्याला थांबवणारं तिथे काय असतं? ना खोली दाखवणारा रंगवलेला खांब, ना साखळी, ना माणूस. शाळा सुटायच्या वेळी पाणी आलं तर पोरांनी कुणाला विचारायचं?

इथे मोवाडचं नाव घेतलंच पाहिजे. नरखेड तालुक्यातलं हे गाव आपल्याच वर्धा नदीच्या काठचं. ३० जुलै १९९१ च्या पुरात तिथे २०४ माणसं गेली. एवढं होऊनही आपल्या जिल्ह्यातल्या किती गाव तलावांच्या पाळी दर मे महिन्यात तपासल्या जातात? पाळीवर झाडं वाढलेली, सांडवा गाळाने बुजलेला, आणि खाली वस्ती.

"एवढ्या बारीक पावसाचा अंदाज कोणालाच देता येत नाही," असं उत्तर मिळेल. दोन दिवस आधी नाही देता येत, मान्य. पण नागपूरला रडार आहे, आपण त्याच्या टप्प्यात आहोत. पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशारा निघतो. अचानक येणाऱ्या पुरासाठी लहान लहान पाणलोटांचं मार्गदर्शन देणारी यंत्रणा हवामान खात्याने २०२० पासून सुरू केली आहे. अडतं ते शेवटच्या दहा किलोमीटरवर. तो इशारा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर कोण सांगणार, हे कोणाच्याही कामात लिहिलेलं नाही.

प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक, ही तर केंद्राचीच ‘विंड्स’ योजना आहे, २०२३ ची. जिल्ह्यात पाचशेच्या वर ग्रामपंचायती आहेत. गावोगावी सभागृहं आणि प्रवेशद्वारं बांधायला पैसा निघतो, तर यालाही निघेल.

म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत चार ठराव मांडा. एक, गावात पर्जन्यमापक, आणि त्याची नोंद मदतीसाठी ग्राह्य. दोन, पीक विम्यात स्थानिक आपत्तीचा निकष परत. तीन, प्रत्येक रपट्यावर खांब, साखळी आणि जबाबदार माणसाचं नाव लिहिलेली पाटी. चार, नाल्यांची मोजणी आणि तलावांच्या पाळींची पावसाळ्याआधी तपासणी, अहवाल गावात लावलेला.

ठराव इतिवृत्तात लिहून घ्या आणि नक्कल मागा. आभाळ फाटलं तर त्याला ठिगळ लावता येत नाही. खालच्या पाइपाचा आकार मात्र माणूसच ठरवतो, आणि त्याला विचारता येतं.