पातेऱ्यातून घरात येणारी गोचीड

तुळशीची लग्ने आटोपली की आपल्याकडे खळे करायची घाई सुरू होते. पावसाळ्यात माजलेले गवत तासून, जमीन चोपून, शेणाने सारवून खळे असे गुळगुळीत होते की त्यावर सांडलेला तांदूळ वेचून घ्यावा. पुढे थंडी पडते, झाडांची पाने गळू लागतात आणि बायामाणसे रानातून पातेऱ्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन येऊ लागतात. गोठ्यात गुरांखाली अंथरायला, माडाच्या आळ्यात घालायला, भाजावळीला पातेरा हवाच. पातेऱ्याशिवाय कोकणातली शेती होत नाही. पण या पाटीतून पानांबरोबर आणखी एक पाहुणी अंगणात उतरते, आणि आज तिच्याविषयीच बोलायचे आहे. ती म्हणजे गोचीड.

गोचीड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गाईच्या कासेला किंवा कुत्र्याच्या कानाला चिकटलेला, रक्त पिऊन टम्म फुगलेला करडा मणी येतो. तो मणी उपटून टाकला म्हणजे काम झाले, अशी समजूत घरोघर आहे. खरी गोष्ट अशी की अंगावर दिसते ती गोचीड थोडी, आणि पातेऱ्यात, गवतात, भिंतीच्या भेगांत दडलेली जास्त. रक्त पिऊन झाले की मादी आपणहून गळून पडते, आडोशाची दमट जागा गाठते, हजारोंनी अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून सहा पायांची बारीक पिल्ले निघतात. त्यांनी एकदा रक्त प्यायले की कात टाकून आठ पायांचे बाळरूप होते. ते खसखशीच्या दाण्याएवढे असते. पुन्हा रक्त, पुन्हा कात, मग मोठी गोचीड. काही जातींत हा सगळा संसार एकाच जनावराच्या अंगावर होतो. कुत्र्यावरची आणि रानातली गोचीड मात्र दर वेळी खाली उतरते आणि पुढच्या जेवणासाठी नवे अंग शोधते. उपाशीपोटीही ती महिनोन् महिने वाट पाहू शकते.

म्हणून जनावराला औषध लावून खळे आणि गोठा तसाच ठेवला तर पंधरा दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न.

आता हे सगळे आताच का सांगायचे? कारण दोडामार्ग आणि बांदा भागातल्या लोकांना चांगले ठाऊक आहे. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात तापाची साथ आली आणि तो माकडताप असल्याचे निष्पन्न झाले. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूला तो पसरला. त्याआधी २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात त्याने माणसे आजारी पाडली होती. मूळ मात्र खालचे, कर्नाटकातले. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी त्याचा विषाणू शोधला. आज तीच संस्था राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. जंगलावरूनच रोगाला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, थोडक्यात केएफडी, असे नाव पडले.

नावात माकड असले तरी माकड हा यातला गुन्हेगार नव्हे. वानर आणि लाल तोंडाची केलडी, दोघेही या तापाने आपल्याआधी मरतात. विषाणू वाहते ती रानातली गोचीड, आणि त्यातही ते खसखशीएवढे बाळरूप. ते चावलेले कळत नाही आणि दिसतही नाही. त्याचा सुकाळ पाऊस सरल्यापासून मे महिन्यापर्यंत. आपला काजूचा हंगामही नेमका याच दिवसांतला! काजूची बी झाडावरून गळून पातेऱ्यात पडते, ती वाकून हाताने पाने चाळूनच गोळा करावी लागते. बोंडू खायला वानर त्याच झाडावर येतात. गोचीड, वानर आणि माणूस एकाच झाडाखाली येतात, ते असे.

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडच्या वाचकांनी घाबरून जायचे कारण नाही. साथीचा भर सह्याद्रीच्या पायथ्याच्या, दाट रानाला लागून असलेल्या गावांवर राहिला आहे. पण किनाऱ्यावरचीही पुष्कळ माणसे काजूच्या दिवसांत तिकडे मजुरीला किंवा पाहुणचाराला जातात, त्यांनी हे वाचून ठेवावे.

बी गोळा करायला सुरुवात होण्यापूर्वी काजूखालचा पातेरा झाडून बाजूला करा. बी लवकर सापडते, हात पानांत कमी घालावा लागतो आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर ऊन लागून गोचिडीची पिल्ले सुकून मरतात. हा पातेरा बागेतच खड्ड्यात घालून कुजवावा. तिथेच पेटवून देण्याचा मोह आवरा. वाऱ्याने ठिणगी उडाली तर शेजाऱ्याची बागही जाते.

आपल्याकडे बागेत जाताना बायका साडीवर घरधन्याचा जुना सदरा चढवतात. चांगली सवय आहे, पण गोचीड चढते ती पायांकडून. म्हणून आत जुनी पँट घालून तिची टोके मोज्यांत खोचावी. थोडे गमतीचे दिसेल, दिसू दे. कपडे फिक्या रंगाचे असले तर चढणारी गोचीड नजरेला पडते. उघड्या हातापायांना डीएमपी किंवा डेपा यांसारखे गोचीड दूर ठेवणारे तेल लावावे. ते तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते का, याची आधीच चौकशी करा. जेवायला, विसाव्याला पातेऱ्यावर बसू नका. उन्हाने तापलेला कातळ त्यापेक्षा बरा. मुलांना बोंडू खायला बरोबर नेले असेल तर त्यांनाही याच नियमात बसवा.

घरी आल्यावर कपडे ओसरीवर टाकून आत जाऊ नये. ते सरळ कढत पाण्यात घालावे आणि कडक उन्हात वाळवावे. साबण लावून गरम पाण्याने अंघोळ, आणि अंघोळीच्या वेळी अंग चाचपणे: कानामागे, केसांत, काखेत, बेंबीत, जांघेत, गुडघ्याच्या मागे. लहान मुलांचे आईने किंवा आजीने पाहावे, म्हाताऱ्या माणसांचे सुनेने.

गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून तिचे तोंड धरा आणि सरळ वर ओढा. पिळायचे नाही, हिसडा द्यायचा नाही. विडीचा चटका, रॉकेल, चुना, तंबाखूचे पाणी हे सगळे उपाय गावोगाव चालतात आणि सगळेच चुकीचे आहेत. चटक्याने गोचीड बिथरते आणि पोटातले विष जखमेतच ओकण्याचा संभव असतो. काढलेली गोचीड नखांवर चिरडण्याची तर फार वाईट खोड आपल्याला आहे. ती रॉकेलच्या डबीत टाकावी, जखम आणि हात साबणाने धुवावे.

आता तापाची लक्षणे. चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप भरतो, डोके फुटेलसे दुखते, कंबर आणि पोटऱ्या मोडून येतात, डोळे लाल होतात, उलट्या होतात. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. काही जणांना बरे वाटल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा ताप येतो, हात थरथरतात, भ्रम होतो. शंभरातले तीन ते पाच रोगी यात दगावतात. एका रोग्यापासून दुसऱ्याला तो होत नाही, तेव्हा सेवा करणाऱ्याने भिऊ नये. पूर्वी याची एक लस दिली जात असे. तिचा गुण पुरेसा येत नाही असे दिसून आले आणि २०२२ मध्ये ती बंद झाली. नव्या लशीचे काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हाती घेतले आहे. नेमके औषधही नाही. वेळेवर दवाखान्यात पोचणे, सलाईन आणि नीट देखभाल, यांवरच रोगी वाचतो. म्हणून डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता "मी काजूत जात होतो" हे तोंडाने सांगा. आपल्याकडे ताप म्हटले की लेप्टो, मलेरिया आधी आठवतो, आणि हे एक वाक्य तपासणीची दिशा बदलते. तोवर दुकानातून आणून अॅस्पिरिन किंवा अंगदुखीच्या जालीम गोळ्या घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढतो.

रानात किंवा बागेत मेलेला वानर दिसला तर जवळ जाऊ नका. त्याचे अंग थंड पडू लागले की त्याच्यावरच्या गोचिडी खाली उतरून नवे अंग शोधत असतात. दुरूनच जागा लक्षात ठेवून ग्रामपंचायतीला, आशाताईंना किंवा वनखात्याला कळवा. माणसे येऊन त्या जागेभोवती सुमारे ५० मीटरपर्यंत मॅलॅथिऑनची भुकटी टाकतात.

घराकडे वळू. पातेरा आणायचा तर तो घराला आणि गोठ्याला लागून रचू नये, दूर उन्हात ठेवावा. मुले त्या ढिगावर उड्या मारतात, ते बंद करा. गडग्याकाठचे गवत, रानमोडी कापून काढा. गडग्याच्या फटींत उंदीर राहतात आणि उंदरांवर गोचिडीची पिल्ले पोसतात. गोठ्याच्या चिऱ्यांमधल्या भेगा मातीने किंवा सिमेंटने लिंपून वर चुना फासावा. लिंपण्याआधी भेगांत कढत पाणी ओतले तर उत्तम. खळ्याच्या शेणसारवणाने भेगा बुजतात, हा त्याचा गुण मोठाच. गोठ्यातले जुने अंथरूण खतात टाकून वरून मातीने झाका; चांगले तापलेले खत आतली अंडी राहू देत नाही.

गुरांना माकडताप होत नाही. पण रानात चरणाऱ्या गुरांवर मोठ्या गोचिडी पोसतात आणि त्यामुळे रानात पुढची पिढी वाढते. शिवाय त्यांचे स्वतःचे आजार आहेतच. जर्सी किंवा होल्स्टिन रक्ताच्या गाईला गोचिडीपासून येणारा ताप फार लवकर लोळवतो. मूत लालसर झाले, रवंथ थांबला, तर त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा. आपली लहान चणीची गावठी गाय त्या मानाने काटक. औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून, ते सांगतील त्या मापानेच घ्यावे. पाणी जास्त घालून पातळ केलेल्या औषधाने गोचिडी मरत नाहीत, फक्त त्या औषधाला सरावतात. लावण्याआधी जनावराला पाणी पाजावे, म्हणजे ते अंग चाटणार नाही. कास, कानाच्या आत आणि शेपटीखाली विसरू नका. अंड्यांतून नवी पिल्ले निघतात म्हणून डॉक्टर सांगतील त्या तारखेला दुसरा हात द्यावाच लागतो. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दिलेल्या गाईचे दूध किती दिवस वापरायचे नाही, हेही त्यांनाच विचारा. करंजेल तेल चोळणारे पुष्कळ आहेत. थोडाफार उपयोग होतो, पण गोचिडीने भरलेल्या जनावरावर त्याच्या भरवशावर राहू नये.

राहता राहिला कुत्रा. तो मालकाबरोबर बागेत जातो आणि रात्री ओसरीवर मुलांच्या अंथरुणाशी झोपतो. त्याला बागेत नेऊच नये, नेलाच तर दारातच कान, मान आणि बोटांमधल्या बेचक्या तपासाव्या. त्याचे गोणपाट आठवड्याला कढत पाण्यातून काढून उन्हात टाका. कुत्र्यावरची गोचीड वर चढते, म्हणून ओसरीचे खांब, बाकाची खालची बाजू, भिंतीचे कोपरे पाहा. कुत्रा मलूल झाला, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आले तर वेळ दवडू नका. आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. कुत्र्यासाठी मिळणाऱ्या काही औषधांत परमेथ्रिन असते; ते मांजराला लावले तर मांजर झटके येऊन मरते. मांजरासाठी वेगळे औषध मागून घ्या, आणि कुत्र्याला औषध लावलेल्या दिवशी दोघांना एकत्र झोपू देऊ नका.