गेमिंग लॅपटॉप : ‘आत्ता ८ जीबी घ्या, रॅम नंतर टाका’ हा सल्ला महागात का पडू लागलाय?

इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला की घरात लॅपटॉपचा विषय निघतो. ‘अभ्यासासाठी’ म्हणून ठरलेलं बजेट ५० हजारांचं असतं. मुलाला किंवा मुलीला ऑटोकॅडसोबत व्हॅलोरंटही चालवायचं असतं. मग घासाघीस होत होत आकडा ७०-७५ हजारांवर येऊन थांबतो. अशा वेळी एखादा मित्र किंवा लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार वर्षानुवर्षं एकच सल्ला द्यायचा : पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, रॅम ८ जीबी असली तरी चालेल. दुसरी स्टिक नंतर टाका, दोन-अडीच हजारांत काम होतं.

तेव्हा हा सल्ला बरोबरच होता. २०२५च्या अखेरीस मात्र त्यामागचं गणित फिरलं.

रॅमचं नेमकं झालं काय?

३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉन या अमेरिकी कंपनीनं ‘क्रुशियल’ हा आपला ग्राहकांसाठीचा रॅम आणि एसएसडीचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. लॅपटॉपमध्ये जादा रॅम टाकणाऱ्यांना हे नाव चांगलंच परिचयाचं आहे. कंपनीनं कारणही सरळ सांगितलं : एआय डेटा सेंटर्सकडून मेमरीला प्रचंड मागणी आहे आणि मोठ्या ग्राहकांना आधी माल द्यायचा आहे.

जगातली बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या चिप्सना एचबीएम नावाची खास मेमरी लागते. त्यात मेमरीचे थर एकावर एक रचलेले असतात. लॅपटॉपची डीडीआर५ रॅम सिलिकॉनच्या ज्या चकत्यांवर बनते, तशाच चकत्या एचबीएमलाही लागतात. पण तेवढ्याच जीबीसाठी ती साधारण तिप्पट जागा खाते. म्हणजे डेटा सेंटरसाठी १ जीबी जास्त बनली की सर्वसामान्यांच्या वाट्याची ३ जीबी कमी होते. नवा कारखाना उभा करून त्यातून माल बाहेर पडायला काही वर्षं जातात. परिणाम असा की सुट्या डीडीआर५ रॅमचे भाव काही महिन्यांतच दुप्पट-तिप्पट झाले.

गुजरातमध्ये साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे, मग इथे तरी रॅम स्वस्त मिळायला हवी, असं अनेकांना वाटतं. पण तिथे चिप्सची जुळणी आणि तपासणी होते, सिलिकॉनच्या चकत्या बाहेरूनच येतात. भाव जगाच्या बाजारातच ठरतो.

स्वस्त मॉडेलचा हिशोब

एकच लॅपटॉप ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळत असेल, तर त्यांच्या किमतींतला फरक आधी काढावा. मग त्याच दिवशी बाजारात ८ जीबीची सुटी स्टिक कितीला आहे ते बघावं. लॅपटॉप कंपन्या मेमरी घाऊक करारानं घेतात. त्यामुळे जुन्या भावात बनलेला माल दुकानात शिल्लक असेल, तर १६ जीबीचं मॉडेलच स्वस्त पडू शकतं. पूर्वी नेमकं उलटं होतं : कंपनी जादा रॅमचे जादा पैसे लावायची आणि बाहेरून टाकली की पैसे वाचायचे.

‘मग काही दिवस ८ जीबीवरच भागवू’ हेही गेमिंगमध्ये जड जातं. विंडोज ११ आणि ब्राउझर मिळून त्यातली निम्मी रॅम सहज अडवतात. शिवाय एकच स्टिक असेल तर मेमरी सिंगल चॅनलवर, म्हणजे निम्म्या रुंदीच्या रस्त्यावर चालते. सरासरी एफपीएस ठीक दिसतो, पण ऐन चकमकीत गेम अडखळतो. आणि रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल, तर ‘नंतर टाकू’ हा प्रश्नच मिटला.

स्टिकरवरचं नाव आणि आतले वॅट

रॅमचा घोळ नवा आहे, ग्राफिक्स कार्डाचा जुना. एनव्हिडिया लॅपटॉपसाठी चिप देते, पण त्या चिपला किती वीज पुरवायची हे लॅपटॉप कंपनी ठरवते. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०५० आणि ४०६० या दोन्ही कार्डांसाठी ही मर्यादा ३५ ते ११५ वॅट आहे. म्हणजे एकाच नावाचं कार्ड एका लॅपटॉपमध्ये ४५ वॅटवर चालतं आणि दुसऱ्यात १०० वॅटवर. बाहेरचा स्टिकर मात्र सारखाच. पूर्वी कमी विजेवरच्या कार्डाच्या नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ लिहिलेलं असायचं. २०२१मध्ये ३० सिरीज आली तेव्हा ही वेगळी ओळखही गेली.

त्यामुळे पातळ, देखण्या लॅपटॉपमधलं अर्धपोटी ४०६० हे जाडजूड लॅपटॉपमधल्या पोटभर वीज मिळणाऱ्या ४०५०च्या आसपासच येऊन थांबतं. किंमत मात्र ४०६०चीच लागते. हा आकडा जाहिरातीत क्वचितच दिसतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर तपशिलाच्या पानावर टीजीपी किंवा एमजीपी या नावानं असतो. दुसरं टोकही लक्षात घ्यायला हवं : या कार्डांना साधारण १०० वॅटच्या पुढे वीज दिली तरी वेग फारसा वाढत नाही. तेव्हा ‘१४० वॅट’ लिहिलंय म्हणून १० हजार जास्त मोजण्यात अर्थ नाही.

कार्डाची स्वतःची मेमरी वेगळी, तिला व्हीरॅम म्हणतात. आरटीएक्स ३०५० चार जीबी आणि सहा जीबी अशा दोन प्रकारांत येतं, ४०५०मध्ये ६ जीबी आहे, तर नव्या ५०५०मध्ये ८ जीबी. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’सारख्या गेमनं किमान गरजच ८ जीबी व्हीरॅमची सांगितली आहे. व्हॅलोरंट, सीएस२ किंवा जुने गेम खेळणाऱ्याला त्याची चिंता नाही. पण २०२६मध्ये ४ जीबीचं कार्ड घेऊन चार वर्षं काढायचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. ‘जीटीए ६साठी घेतोय’ म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण : रॉकस्टारनं दिलेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठीची आहे, पीसीसाठीची नाही.

मग कात्री कुठे लावायची?

प्रोसेसरला. या बजेटमध्ये गेम अडतो तो बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डामुळे. आय५ किंवा रायझन ५ पुरतो. आय७चा स्टिकर दुकानदाराला विकायला सोपा, एवढंच. एसएसडी ५१२ जीबी चालेल, दुसरा स्लॉट मोकळा असला म्हणजे झालं. एसएसडीही महाग होतेय, पण ती भरली की गेम काढून टाकता येतो. रॅमला असा तोडगा नाही.

स्क्रीनचा निर्णय थोडा अवघड. स्वस्त मॉडेलमध्ये १४४ हर्ट्झ मोठ्या अक्षरात असतं आणि ‘४५ टक्के एनटीएससी’ बारीक अक्षरात. म्हणजे रंग फिके. फक्त गेम खेळायचे तर निभावेल, पण व्हिडिओ एडिटिंग किंवा डिझाइनचं काम करणाऱ्यानं तिथे तडजोड करू नये.

करात सूट मिळेल या आशेवर थांबण्यातही मतलब नाही. सप्टेंबर २०२५च्या जीएसटी कपातीत एसी आणि मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८वर आले. लॅपटॉप आधीपासूनच १८ टक्क्यांत होते, तिथेच राहिले. ७० हजारांच्या लॅपटॉपमध्ये सुमारे १० हजार ७०० रुपये कराचे असतात. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्येही बँक व्याज लावतेच, तेवढी रक्कम किमतीतून आधी वजा केलेली असते इतकंच. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी सहसा ग्राहकाच्याच माथी येते. रोख घेणाऱ्याला किती सवलत मिळते, हे म्हणूनच आधी विचारावं.

लॅपटॉप हातात आला की दोन गोष्टी लगेच तपासता येतात. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडलं की रॅमचे किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये कार्डाचे वॅट दिसतात. दुकानात घेत असाल तर हे दोन्ही काउंटरवरच, बिल होण्याआधी बघून घ्या. ऑनलाइन मागवला असेल तर बदलून देण्याची मुदत संपण्याच्या आत.