राज्यांचे करार आणि माणसाची दाद

29 जानेवारी 2025 रोजी नायजर, माली व बुर्किना फासो ही पश्चिम आफ्रिकेतील तीन राज्ये इकोवास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्यसंघातून रीतसर बाहेर पडली. या घटनेची चर्चा झाली ती बहुतेक फ्रान्सचे सैन्य गेले, रशियाचे लोक आले, युरेनियमच्या खाणी कोणाच्या हाती राहणार, या अंगाने झाली. या गोष्टी खऱ्याच आहेत व लहान नाहीत. परंतु त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. जन्माने चिकटवलेले हीनत्व ज्यांच्या वाडवडिलांनी सोसले आणि धम्मदीक्षा घेऊन ज्यांनी ते झुगारून दिले, त्या कुटुंबांनी तिच्याकडे लक्ष द्यावे म्हणून आम्ही आज हा विषय हाती घेतला आहे. नायजरमध्ये जन्मदास म्हणून जगणाऱ्या स्त्रीपुरुषांना आपल्याच सरकारविरुद्ध दाद मागण्यासाठी जे एक जवळचे दार उघडे होते, ते त्या दिवशी बंद झाले.

इकोवास म्हणजे पश्चिम आफ्रिकी राज्यांचा आर्थिक समुदाय. 28 मे 1975 रोजी लागोस येथील कराराने तो जन्मास आला. इंग्रज, फ्रेंच व पोर्तुगीज अशा तीन धन्यांनी नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या सीमा, त्यांच्या आत कोंडलेले एकच गोत, एकच बाजार; तेव्हा जकाती उतराव्या व माणसांस मोकळेपणाने इकडून तिकडे जाता यावे, हा या कराराचा मूळ हेतू होता. हेतू व्यापाराचा. परंतु 1989 च्या अखेरीस लायबेरियात यादवी पेटली आणि 1990 मध्ये या व्यापारी संघाला आपले सैन्य तेथे धाडावे लागले. ज्या गावी रात्री गोळीबार होतो तेथे सकाळी बाजार भरत नाही, हे त्या राज्यकर्त्यांस फार महाग पडून कळले. 1993 साली करार सुधारण्यात आला व शांतता हाही समुदायाच्या कर्तव्याचा भाग ठरला.

अन्नाची गोष्ट याहून जुनी आहे. सहाराच्या दक्षिणेस साहेल नावाचा कोरडा पट्टा आहे. आपल्या घरी जिची भाकरी होते ती बाजरी मूळची याच प्रदेशातील. हजारो वर्षांपूर्वी ती तेथून आपल्याकडे आली. पाऊस चुकला की काय होते हे माणदेशातील माणसास जसे सांगावे लागत नाही, तसे साहेलमधील माणसासही लागत नाही. 1970 नंतरच्या भीषण अवर्षणात तेथील राज्यांनी 1973 मध्ये एक संयुक्त समिती नेमली. तिचे ठाणे वागाडूगू येथे आहे. पर्जन्य, पीकपाणी व बाजारभाव यांवर नजर ठेवून दुष्काळाची चाहूल आधी देणे, हे तिचे एक काम. काम चांगले आहे. तथापि चाहूल लागूनही शेजारी दार लावून बसला तर काय उपयोग? 2004 साली नायजरमध्ये पाऊस कमी झाला, टोळधाड आली, व 2005 मध्ये बाजरीचा भाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला. त्या वेळी खुल्या व्यापाराच्या करारावर सह्या करून बसलेल्या शेजारी राज्यांनी आपले धान्य बाहेर जाऊ नये म्हणून निर्बंध घातले. प्रादेशिक धान्यसाठ्याची योजना समुदायाने मान्य केली ती पुढे 2013 मध्ये.

शांतता व अन्न यांचे नाते भगवान बुद्धांनी कूटदंत सुत्तात सांगून ठेवले आहे. राज्यात चोऱ्या व लूटमार माजली असता राजाने देहदंडाचा आश्रय करू नये. शेतकऱ्यास बियाणे द्यावे, व्यापाऱ्यास भांडवल द्यावे, चाकरास वेतन द्यावे, म्हणजे लोक आपापल्या कामास लागतील व दरवाजे उघडे टाकून झोपतील, असा उपदेश त्यात आहे. सबंध खंडाच्या पातळीवर आफ्रिकी संघाने जवळपास हाच मार्ग कागदावर घेतला. 2003 साली मापुटो येथे राज्यप्रमुखांनी अंदाजपत्रकाचा दहावा हिस्सा शेतीवर खर्च करण्याचे वचन दिले; ते थोड्यांनीच पाळले. 2014 साली मलाबो येथे 2025 पर्यंत उपासमार नाहीशी करू अशी घोषणा झाली. 2025 उजाडले, उपासमार आहे तेथेच होती, व कंपाला येथे नवी घोषणा झाली. याखेरीज 2063 पर्यंतची पन्नास वर्षांची एक विकासयोजना आहे. दीर्घ दृष्टीस आमचा विरोध नाही. दोन पिढ्यांच्या पलीकडचे पाहिल्यावाचून राष्ट्र उभे राहत नाही. पण बारा वर्षांची जी मुलगी आज विकली जाते तिला 2063 चे काय?

ही मुलगी कल्पनेतील नाही. तिचे नाव हादीजातू मानी. आई दासी म्हणून ती दासी. 1996 साली एका टोळीप्रमुखाने तिला 2,40,000 सी.एफ.ए. फ्रँक घेऊन शेहेचाळीस वर्षांच्या एका पुरुषास विकले. चार विवाहित स्त्रियांखेरीज पाचवी म्हणून दासी ठेवण्याच्या या चालीस तिकडे वाहिया म्हणतात. तिने नऊ वर्षे त्या घरचे पाणी भरले, शेत राबले, मार खाल्ला, धन्याची मुले वाढवली. नायजरच्या कायद्याने 2003 मध्ये दास्य हा फौजदारी गुन्हा ठरवला होता. तिच्यापर्यंत तो कायदा पोहोचला नाही. ऑगस्ट 2005 मध्ये धन्याने तिला मुक्तिपत्र लिहून दिले. कागद हाती येताच ती चालू लागली, तेव्हा धनी म्हणाला, ही माझी दासी नसेल, पण बायको आहे!

येथून पुढची हकीकत आमच्या वकील वाचकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी. ती कोन्नी येथील न्यायालयात गेली. मार्च 2006 मध्ये खालच्या न्यायालयाने निकाल दिला की मेहेर नाही, धर्मविधी नाही, तेव्हा विवाहच नाही. ती मोकळी आहे. वरच्या न्यायालयाने तो फिरवला. मुक्त झालेली दासी रूढीप्रमाणे धन्याची पत्नीच होते, असा त्याचा आशय. मधल्या काळात तिने आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न केले होते. झाले! मे 2007 मध्ये द्विभार्याप्रतिबंधाच्या कलमाचे उलटे शस्त्र करून तिला दोन नवरे केल्याबद्दल सहा महिन्यांची सजा ठोठावण्यात आली. ज्याने माणूस विकत घेतले तो घरी व जी विकली गेली ती तुरुंगात, असा न्याय रूढीला कायद्याच्या पाटावर बसवले की होतो. ग्रामजोशाच्या हक्कापासून महारकीच्या वतनापर्यंत, आपल्याकडील न्यायालयांनी रूढीला किती काळ किती मान दिला हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

पण हादीजातूस आणखी एक दार होते. इकोवासचे स्वतःचे न्यायालय आहे. मूळ योजनेत तेथे राज्यांनी राज्यांशी भांडावयाचे. व्यक्तीस प्रवेश नव्हता. 2005 मध्ये एका पुरवणी कराराने मानवी हक्कांचा भंग झालेल्या कोणाही व्यक्तीस थेट तेथे जाण्याची मुभा मिळाली. तीही आपल्या देशातील सर्व न्यायालयांच्या पायऱ्या झिजवण्याची अट न घालता. तिमिद्रिया या नायजरमधील दास्यविरोधी संस्थेने व परदेशी स्नेही संस्थांनी तिला साह्य केले. एप्रिल 2008 मध्ये न्यायाधीश स्वतः नियामे येथे येऊन बसले व साक्षी नोंदवल्या. गरीब फिर्यादीला अबुजापर्यंत हेलपाटा घालावयास लावले नाही. 27 ऑक्टोबर 2008 रोजी निकाल लागला. दास्यात असलेली व्यक्ती समोर उभी असताना देशातील न्यायाधीशाने तो गुन्हा आपण होऊन उघड करावयास हवा होता; ते न करता त्याने त्या संबंधास विवाहाचे नाव दिले, व राज्यानेही हात बांधून पाहिले, म्हणून राज्य जबाबदार आहे, असे न्यायालयाने ठरवले व एक कोटी सी.एफ.ए. फ्रँक भरपाई देवविली. नायजरच्या सरकारने ती दिली.

व्यापाराच्या करारातून हे निघाले! जकातीसाठी जमलेल्या राज्यांनी, कदाचित स्वतःला नीट न कळता, एका दासीस आपल्याच सरकारला जाब विचारण्याचे बळ दिले. शांतता, अन्न व विकास यांच्या सहकार्यावर जेवढी भाषणे झाली असतील त्या सर्वांहून आम्ही या एका निकालाचे मोल अधिक समजतो. धान्याचा साठा गावात आला तरी तो कोणाच्या घरी जाईल व कोणाच्या दारावरून पुढे जाईल, हे दासाला दाद मागता येते की नाही यावर ठरते. बाबासाहेबांनी घटनेच्या बत्तिसाव्या कलमास घटनेचा आत्मा म्हटले ते याच कारणासाठी. मूलभूत हक्कांची कलमे कितीही सुंदर असोत, ते मिळवण्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट नसेल तर ती नुसती शोभा होय.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण इकोवासचे हात स्वच्छ नाहीत. 26 जुलै 2023 रोजी नायजरच्या सैन्याने निवडून आलेले अध्यक्ष बाझूम यांस कैद केले. समुदायाने लष्करी कारवाईची धमकी दिली व चारच दिवसांत सीमा बंद केल्या. नायजेरियाने वीज तोडली. नायजरची बहुतांश वीज तिकडूनच येत असे. अन्न व औषधे घेऊन निघालेल्या मालमोटारी बेनिनच्या हद्दीवर अडून राहिल्या. सेनापतींच्या वाड्यात कोणी उपाशी राहिले असेल असे आम्हांस वाटत नाही. भुकेपासून वाचवण्यासाठी उभारलेल्या संघटनेने भुकेचाच चाबूक उगारला, व तो पडला भलत्याच पाठीवर. फेब्रुवारी 2024 मध्ये हे निर्बंध बहुतांशी उठले, तोवर मने फाटली होती. तिन्ही राज्यांनी आपला वेगळा साहेल संघ केला, व परक्यांच्या तालावर नाचणाऱ्या इकोवासमधून आम्ही स्वतंत्र झालो असे म्हटले.

स्वतंत्र कोण झाले? राज्य स्वतंत्र झाले म्हणजे त्यातील दास स्वतंत्र झाला असे होत नाही. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यास विरोध केला नाही. त्या स्वातंत्र्यात आमच्या हाती काय येणार एवढे विचारले, व तेवढ्यासाठी त्यांना देशद्रोही म्हणण्यात आले. फ्रान्सच्या जोखडाविषयी साहेलमधील लोकांचा राग सकारण आहे. पण त्या रागाच्या आड दासीचे न्यायालय वाहून गेले तर ते दासीचे स्वातंत्र्य नव्हे. बाझूम यांच्या सुटकेचा आदेश याच न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये दिला होता व तो जुमानला गेला नव्हता. न्यायालय कोणाला टोचत होते ते यावरून दिसते.

इतर दारे अगदीच नाहीत असे नाही. बांजुल येथे आफ्रिकी मानवी हक्क आयोग आहे, अरुशा येथे खंडाचे न्यायालय आहे. परंतु तेथे जाण्यापूर्वी स्वदेशातील सर्व उपाय करून थकावे लागते, आणि अरुशास तर ज्या राज्याने तशी खास संमती दिली असेल त्याच्याच विरुद्ध व्यक्तीस जाता येते. रवांडाने 2016 मध्ये, टांझानियाने 2019 मध्ये, बेनिन व आयव्हरी कोस्ट यांनी 2020 मध्ये ही संमती काढून घेतली. निकाल झोंबला की दार लावावयाचे, ही रीत पसरत आहे.

आपला याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. 1965 च्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारात ‘वंशपरंपरा’ हा शब्द घालण्याची सूचना भारतानेच केली होती. 2001 साली दरबान येथील परिषदेत आपले प्रतिनिधी त्या शब्दाचा आधार घेऊन उभे राहिले, तेव्हा मात्र भारत सरकारने जात हा वंशभेद नव्हे अशी भूमिका घेतली. नायजरचे सरकारही 2005 मध्ये आमच्याकडे दास्य उरलेच नाही असे सांगत होते. 2002 मध्ये संबंधित समितीने जाती व तत्सम जन्मजात दर्जाच्या प्रथा त्या शब्दात येतात असा खुलासा केला. त्या खुलाशाच्या छायेत हादीजातूची जमात व आपण एकत्र बसतो. यास्तव आपल्या संस्थांनी जिनिव्हा येथे निवेदने पाठवताना तिमिद्रियासारख्या संस्थांचे गाऱ्हाणे आपल्या गाऱ्हाण्याशेजारी मांडावे, आणि सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीत आफ्रिकी संघास जी-20 चे सदस्यत्व मिळवून दिल्याचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या सरकारला, त्या संघाशी बोलताना हा विषय काढावयास सांगावे.

तीन राज्ये बाहेर पडली त्याच दिवशी इकोवासने एक पत्रक काढले. त्या राज्यांच्या नागरिकांची पारपत्रे पुढील निर्णयापर्यंत मानावी व त्यांच्या मालास पूर्वीप्रमाणे वाट द्यावी, असे त्यात सदस्य राज्यांस सांगितले आहे. हे योग्यच झाले. बाजरीचे पोते आजही हद्द ओलांडते. कोन्नीच्या न्यायालयात हरलेली दुसरी कोणी हादीजातू मात्र आपल्या सरकारविरुद्धची नवी फिर्याद घेऊन त्या न्यायालयाकडे जाऊ शकत नाही.